कुठल्या गाण्यांबरोबर कुठली बियर? आणि आता काय पिता?

सुईची खरखर

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. इथे आपण अल्बम, स्पीकर, पेडल सगळ्यावर तावातावाने भांडतो पण ऐकताना हातात काय असायचं यावर कधी नीट बोललोच नाही, आणि माझ्या तर ऐकण्याच्या निम्म्याअधिक आठवणींना बियरचा वास आहे.

सुरुवात मी करतो. माझी पिल्सनर उर्केल. जगात आज जी काही सोनेरी पारदर्शक लागर विकली जाते तिची ही मूळ आई. १८४२ साली प्लझेन गावात योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रूअरने पहिल्यांदा बनवली, तिथलं पाणी एकदम मऊ, जोडीला साझ हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं), त्यामुळे कडवटपणा येतो पण टोचत नाही, घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला हळूच उगवतो. जॉय डिव्हिजन, वायर, गँग ऑफ फोर, ही सगळी कोरडी टोकदार पोस्ट-पंक मंडळी मी या बियरबरोबर ऐकली आणि आजही ती बाटली उघडली की जॉय डिव्हिजनच्या पीटर हुकचा तो वर वर वाजणारा बेस ऐकू येतो.

पण प्यायची पद्धत पार बदलली. आधी बसलो की बसलो, एक संपली दुसरी, रेकॉर्डवर रेकॉर्ड, आणि शेवटी काय लावलं होतं ते सकाळी कव्हर बघून कळायचं. आता एक बाजू एक ग्लास. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची, तेवढ्यात ग्लास आरामात संपतो, बाजू उलटायला उठलो की ठरवायचं अजून हवी का. बऱ्याचदा नको असते. तुमचं काय? कुठली बियर, कुठलं संगीत, आणि काय बदललं? न पिणाऱ्यांनीही लिहा, तुमचं ऐकायला जास्त आवडेल.

पहिल्या रांगेतली

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

माझी ट्रूपर. हो, आयर्न मेडन या मेटल बँडवाली. २०१३ मध्ये आली तेव्हा मी फक्त लेबलवरच्या एडीसाठी, म्हणजे त्यांच्या त्या भुताच्या चित्रासाठी घेतली होती, आत काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्स ब्रुअरीने बनवलेली, रेसिपी ठरवताना मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बसला होता, ४.७ टक्के. तोपर्यंत बियर म्हणजे बर्फासारखी गार आणि नाकात फेस जाणारी एवढंच माहीत असलेल्या मला ती तांबूस, कमी गॅसवाली एल म्हणजे धक्काच होता. पण ती फ्रीजमधून काढून थोडी बाहेर ठेवली की बिस्किटासारखा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) वास येतो, मग शेवटी हलकी लिंबाची चव. फार गार बियर जिभेला बधिर करते, चव कळतच नाही, हे मला एका मेटल बँडमुळे कळलं याचं मला आजही फार प्रेम वाटतं.

बदल म्हणाल तर गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, आता मी सुरू व्हायच्या आधी एक घेते आणि मग बंद. पहिल्या रांगेत रेलिंगला धरलेली जागा सोडून बाथरूमला जायचं म्हणजे जागा गेली.

फीडबॅक

ट्रूपर चांगली आहे, मान्य, पण बँडच्या नावाची बियर या प्रकाराबद्दल माझं मत फारसं बरं नाही. बहुतेक वेळा कुठली तरी साधी लागर घ्यायची आणि लेबलवर कवटी छापायची. टीशर्टच तो, फक्त पिता येतो.

याउलट जिथे संगीत समजून बियर बनवली तिथे मी टोपी काढतो. डॉगफिश हेडने २०१० मध्ये माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'ला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याच नावाची स्टाउट (काळी बियर) काढली होती, त्यात मध आणि इथिओपियातलं गेशो नावाचं मूळ, जे तिकडे मधाच्या दारूला कडवटपणा द्यायला वापरतात. म्हणजे अल्बममध्ये जॅझ, रॉक, आफ्रिकन ताल जसे एकमेकांत मिसळलेत तसा विचार करून केलेली गोष्ट. हे खरं काम.

आणि माझी स्वतःची सगळ्यात लाडकी आठवण सिएटलच्या एलिशियन ब्रुअरीची लूझर. सब पॉप या ग्रंजवाल्या रेकॉर्ड लेबलला वीस वर्षं झाली तेव्हा २००८ मध्ये काढलेली पेल एल, त्यावर घोषणा होती की कॉर्पोरेट बियर अजूनही भिकार असते. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने १९९२ मध्ये रोलिंग स्टोनच्या कव्हरवर जो टीशर्ट घातला होता ना, कॉर्पोरेट मासिकं अजूनही भिकार असतात असं लिहिलेला, त्याच धर्तीवर. ग्रंजवर वाढलेल्या माणसासाठी याहून मोठं काय. आणि मग जानेवारी २०१५ मध्ये बातमी आली की एलिशियनला अनहायझर-बुशने विकत घेतलं. म्हणजे बडवायझरवाल्यांनी. मी त्या रात्री नुसता बसून राहिलो. आवडता बँड मोठ्या लेबलकडे गेला की जसं वाटतं तसंच, पण बँडच्या बाबतीत निदान जुन्या रेकॉर्ड तशाच राहतात, बियरचं तसं नाही, ती दर वेळी नव्याने बनते आणि कोण बनवतंय यावर सगळं आहे.

डबल बास

@फीडबॅक, शेवटच्या वाक्याला +१. अँकर स्टीमचं असंच झालं. १९६५ मध्ये बंद पडायला आलेली ती सॅन फ्रान्सिस्कोची ब्रुअरी फ्रिट्झ मेटॅगने घेतली आणि पुढे जी अमेरिकन क्राफ्ट बियर म्हणून जगभर पसरली तिची सुरुवात तिथून झाली असं बरेच जण मानतात. ग्रेटफुल डेड आणि जेफरसन एअरप्लेन ज्या शहरात वाजवत होते त्याच शहरात, त्याच दशकात. २०२३ मध्ये ती बंद झाली. पुढच्या वर्षी नवा मालक आला खरा, पण ती बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा जवळचं कोणी गेल्यासारखं झालं होतं.

माझी बियर मात्र गिनीज, त्यात बदल नाही. ब्लूज आणि जॅझ, विशेषतः बासवादक चार्ल्स मिंगस. लोकांना ती काळी दिसते म्हणून जड वाटते पण ४.२ टक्केच असते, बऱ्याच सोनेरी लागरपेक्षा कमी. काळा रंग भाजलेल्या बार्लीचा. आणि तो साईसारखा फेस येतो नायट्रोजनमुळे, १९५९ पासून त्यांनी ते सुरू केलं, नायट्रोजन बियरमध्ये फार विरघळत नाही म्हणून बुडबुडे अगदी बारीक राहतात. १९८८ मध्ये कॅनमध्ये तो छोटा प्लास्टिकचा विजेट आला, कॅन उघडला की त्यातून नायट्रोजन सुटतो, त्यामुळे घरीही तोच फेस.

ओतताना बघत बसायचं. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा आणि थांबायचं. ग्लासच्या कडेने बुडबुडे खाली जाताना दिसतात, कारण मधून ते जोरात वर चढतात आणि कडेची बियर खाली ढकलली जाते, तिच्याबरोबर बारीक बुडबुडेही ओढले जातात. हळूहळू तपकिरी ढग वर सरकतो, खाली काळं, वर पांढरं, मग उरलेला ग्लास भरायचा. तोपर्यंत एका गाण्याची ओळख आणि पहिलं कडवं होऊन जातं. घाईत पिणाऱ्यांसाठी ती बियरच नाही आणि म्हणूनच ती माझ्या सवयींबरोबर टिकली असं मला वाटतं, बाकी सगळ्या सुटल्या.

एक्स

धागाकर्त्यांनी न पिणाऱ्यांनाही बोलावलं म्हणून लिहितो. मी आयुष्यात कधी प्यायलो नाही आणि हार्डकोर पंक ऐकत मोठा झालो.

माझ्या आयडीचा अर्थ बरेच जण विचारतात. १९८० मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा पोरांचा बँड पश्चिम किनाऱ्यावर वाजवायला गेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबमध्ये सगळे अल्पवयीन निघाले, तर मॅनेजरने हातावर मार्करने काळी फुली, म्हणजे एक्स, मारून आत सोडलं, म्हणजे बारवाल्याला कळेल की यांना दारू द्यायची नाही. परत येऊन त्यांनी आपल्या गावातल्या क्लबवाल्यांना तेच सुचवलं, पोरांना आत घ्या, फुली मारा. त्याच बँडमधल्या इयन मॅकायने पुढे मायनर थ्रेट काढला आणि १९८१ मध्ये त्यांच्या शेहेचाळीस सेकंदांच्या गाण्याने दारू-नशेपासून लांब राहणाऱ्या पंक पोरांना स्ट्रेट एज हे नाव दिलं. मुळात जी खूण बंदीची होती ती पोरांनी अभिमानाने स्वतःच काढायला सुरुवात केली.

मला त्या गाण्याने एवढंच दिलं की गर्दीत हातात ग्लास नसला तरी मी त्या गर्दीचाच आहे. हे सोपं नसतं हो. गिगनंतर सगळे बसणार असतात आणि "तू येऊन काय करणार" हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो पण दर वेळी विचारला जातो. तुम्ही पिता याला माझा काडीचाही विरोध नाही, मला तुमच्यात बसायचंय, तेवढं बोलवत जा.

आणि एक माहिती: बीटल्स लिव्हरपूलच्या ज्या कॅव्हर्न क्लबमध्ये तयार झाले तिथे त्या काळात दारूचं लायसन्स नव्हतं. कॉफी आणि कोला पिऊन लोकांनी तो आवाज डोक्यावर घेतला होता.

काळी टोपी

@एक्स, प्रतिसाद फार आवडला. पण बीटल्सची अर्धी गोष्ट सांगितलीत :) ते तयार झाले त्यात हँबर्गचा वाटा केवढा! १९६० ते ६२, रात्रीचे तासन्‌तास स्टेजवर, आणि प्रेक्षक खालून बियर पाठवायचे, ती स्टेजवरच प्यायची आणि पुढचं गाणं सुरू. त्यांची ती ताकद तिथे आली. दोन्ही खरं आहे, एका गावात कोला आणि दुसऱ्या गावात बियर.

माझ्या आठवणीतली बियर हिरव्या बाटलीतली. नाव सांगत नाही कारण दोन-तीन वेगवेगळ्या असायच्या पण वास एकच, तो जरासा उग्र, जळका, जनावरासारखा म्हणा हवं तर. उघड्यावरच्या फेस्टिव्हलला दुपारी उन्हात बसून पहिले अनोळखी बँड ऐकायचे आणि तो वास. आता घरी कॅनमधून तीच बियर घेतो तर वास येत नाही, कंपनीने काहीतरी बदललंय का?

मंद्र

काही बदललेलं नाही, तो वास उन्हाचा आहे. हॉप्समधून येणारी कडवट द्रव्यं उजेडात, म्हणजे निळ्या आणि अतिनील किरणांनी फुटतात, त्यात बियरमधलं जीवनसत्त्व ब२ मदत करतं, आणि मग गंधकाचं एक संयुग तयार होतं ज्याचा वास अगदी स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा. नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही कळतं. तपकिरी काच हे किरण अडवते, हिरवी जवळजवळ अडवत नाही, पांढरी तर नाहीच. कडक उन्हात पांढऱ्या बाटलीतली बियर काही मिनिटांत बिघडते. कॅनमध्ये उजेडच जात नाही म्हणून तुम्हाला तो वास मिळत नाहीये.

तांत्रिकदृष्ट्या तो दोष आहे. पण तुम्हाला हवा असेल तर हिरवी बाटली खिडकीत ठेवा, तुमचा फेस्टिव्हल परत येईल. मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय, वासाइतकं मागे नेणारं दुसरं काही नाही.

काळी टोपी

वा! इतकी वर्षं मी ज्याला त्या बियरची चव समजत होतो ती दुपारच्या उन्हाची चव होती म्हणजे. ही माहिती मनापासून आवडली, धन्यवाद मंद्र. या उन्हाळ्यात नक्की करून बघणार.

रात्रपाळी

सगळे आठवणी लिहितायत, मी "काय बदललं" या भागावर लिहितो कारण माझ्यासाठी तोच मोठा आहे.

मी वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे. तीच बियर, तेवढीच बियर, पण चाळिशीनंतर वेगळीच चढायला लागली. आधी वाटलं मनाचे खेळ. तसं नाही. वय वाढतं तसं शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी होतं, दारू पाण्यात विरघळते, त्यामुळे तेवढ्याच प्यायलेल्या बियरने रक्तातलं प्रमाण जास्त जातं. आणि यकृत साधारण तासाला एक छोटं माप एवढ्याच वेगाने काम करतं, त्याला घाई करता येत नाही, कॉफी प्या नाहीतर गार पाणी डोक्यावर ओता.

झोपेचं तर विचारूच नका. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते आणि उतरायला लागली की दुसऱ्या भागात झोप तुटत राहते. पहाटे टक्क जाग आणि डोक्यात तेच गिटार सोलो गोल गोल फिरतंय. मग दुसऱ्या दिवशी काही ऐकावंसंच वाटत नाही. माझ्यासारख्या माणसाला दोन दिवस संगीत नकोसं होणं ही केवढी मोठी किंमत आहे! मी शेवटी त्या कारणासाठी कमी केली. डॉक्टर आधीपासून सांगतच होते. दारू कॅन्सरला कारणीभूत असलेल्या पहिल्या गटात आहे हे १९८८ पासून जाहीर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. ते ऐकूनही मी हललो नव्हतो. पण सकाळी रेकॉर्ड लावावीशी वाटेना तेव्हा हललो.

आता साडेतीन-चार टक्केवाली एखादी बिटर (ब्रिटिश एल), तीही गिगच्या आधी जेवणाबरोबर.

फीडबॅक

@रात्रपाळी शंभर टक्के. माझी ती सात-आठ टक्क्यांच्या आयपीएची (भरपूर हॉप्सवाल्या कडवट एलची) लाट पण याच कारणाने ओसरली. तेव्हा जो तो कडवटपणाचे आकडे मोजत होता, सगळ्यात वेगवान गिटारवादक कोण या वादासारखंच झालं होतं ते. आता मला पुन्हा सिएरा नेवाडा पेल एल पुरेशी वाटते, १९८० पासूनची, कॅस्केड हॉप्सचा तो ग्रेपफ्रूटसारखा वास, बस.

तिसरा ट्रॅक

पहिल्यांदाच लिहितोय या विभागात. मी पूर्ण सोडली आहे. किती दिवस झाले ते मोजणं मी थांबवलंय. माझ्या बाबतीत कमी करणं हा पर्याय नव्हता, एक घेतली की शेवट माझ्या हातात नसायचा.

सोडताना मला सर्वात जास्त भीती संगीताची वाटत होती. मला वाटायचं की बियरशिवाय हे सगळं सपाट होईल, कारण आपले सगळे देव पिणारेच. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट आणि लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम दोघंही १९८० मध्ये गेले, दोघांचं कारण दारू, आणि तरी आपण त्या गोष्टी कौतुकाने सांगतो. मी शोधायला लागलो तर उलटी यादीही सापडली. ब्लूज गिटारवादक स्टीवी रे वॉन १९८६ मध्ये दारूतून सुटला, त्यानंतरचा 'इन स्टेप' त्याने पूर्ण शुद्धीत केला, १९८९ चा, ऐका त्यात बोटं कशी चालतात. मेटॅलिकाला तर चाहतेच अल्कोहोलिका म्हणायचे, त्यांचा गायक हेटफिल्ड २००१ मध्ये उपचाराला गेला, २०१९ मध्ये परत जावं लागलं आणि गेला. ते परत जाणं मला फार धीर देऊन गेलं. क्लॅप्टनने १९९८ मध्ये अँटिग्वाला उपचार केंद्र काढलं आणि त्याच्यासाठी स्वतःच्या गिटारींचा लिलाव केला.

माझी पहिली कोरडी गिग सांगतो. पहिली दोन गाणी हातांचं काय करायचं कळत नव्हतं. खिशात घातले, बाहेर काढले, घडी घातली. तिसऱ्या गाण्याला माझं लक्ष ड्रमरच्या डाव्या पायाकडे गेलं. दोन्ही हात काय वाटेल ते करतायत आणि तो पाय हाय-हॅटवर शांतपणे दोन आणि चार देतोय, सबंध बँड त्या पायावर उभा आहे. तो बँड मी आधी कितीतरी वेळा पाहिला होता आणि तो पाय कधी ऐकलाच नव्हता. मग उरलेला वेळ हातांची आठवण झाली नाही.

पहिल्या रांगेतली

@तिसरा ट्रॅक, मनापासून धन्यवाद, हे लिहायला धैर्य लागतं. तुम्ही ०.० (बिनअल्कोहोल बियर) वगैरे पिता का? माझा एक मित्र नुकताच थांबलाय, गिगला त्याच्या हातात काय द्यावं कळत नाही.

तिसरा ट्रॅक

मी नाही पीत. चव आणि वास इतका जवळ जातो की माझ्या डोक्यातलं जुनं दार उघडतं. काहींना त्याने मदत होते, काहींना धोका होतो. त्यामुळे मित्रालाच विचारा, आपणहून हातात देऊ नका. आणि लेबल वाचा, बऱ्याच ठिकाणी अर्धा टक्क्यापर्यंतची बियरही अल्कोहोलमुक्त म्हणूनच विकतात. मला स्वतःला साधा सोडा चालतो. फक्त कोणी "अरे एक घे" म्हणायला नको आणि कोणी माझ्यासमोर ग्लास लपवायलाही नको.

मंद्र

०.० बद्दल थोडी भर. पूर्वीच्या बिनअल्कोहोल बियर कच्च्या काढ्यासारख्या लागायच्या कारण आंबवणं मध्येच थांबवायचे, साखर तशीच राहायची. आता बऱ्याच ठिकाणी पूर्ण बियर बनवतात आणि मग निर्वातात कमी तापमानाला अल्कोहोल उडवतात किंवा पडद्यातून गाळतात, त्यामुळे चव वाचते. हायनेकेन ०.० २०१७ मध्ये आली तिथून मोठ्या कंपन्यांनी गांभीर्याने घेतलं. गिनीजची २०२० मध्ये आली, लगेच परत मागवावी लागली, २०२१ पासून व्यवस्थित मिळते. माझ्या मते स्टाउटला हे जास्त जमतं, भाजलेल्या बार्लीची चव इतकी ठाम असते की अल्कोहोल गेल्याचं फार जाणवत नाही. लागरमध्ये लगेच उघडं पडतं.

डबल बास

गिनीज ०.० ला माझं अनुमोदन. आठवड्याच्या मधल्या दिवशी तीच ओततो, फेस तोच, ढग तोच, थांबणं तेच. मिंगसला फरक कळत नाही.

सुईची खरखर

काय सुंदर धागा झाला हा, सगळ्यांचे आभार. एक करूया का? येत्या शनिवारी रात्री नऊला सगळ्यांनी आपापल्या घरी एकच रेकॉर्ड लावायची आणि इथे लिहीत राहायचं, हातात ज्याला जे हवं ते. @एक्स तुम्ही आणि @तिसरा ट्रॅक, तुम्ही रेकॉर्ड निवडा, तुम्ही दोघं म्हणाल ती.

एक्स

आलो! माझ्याकडून फुगाझीचा 'रिपीटर', १९९०. मॅकायचाच पुढचा बँड. त्यांच्या गिगला सगळ्या वयाच्यांना आत घ्यायचे आणि तिकीट जाणूनबुजून स्वस्त ठेवायचे, त्यामुळे कोणीच बाहेर राहायचं नाही.

तिसरा ट्रॅक

'रिपीटर' चालेल, त्यातला बेस मोठ्या आवाजात ऐकायचा आहे. फक्त साडेनऊ करा, नऊला मुलगी झोपायला जाते.

सुईची खरखर

साडेनऊ नक्की. कोणीतरी बाजू उलटायची वेळ झाली की इथे टाका, सगळे एकदम उलटू.